शिवकन्येची अडलेली ओटी

तर मंग ओटीचं ताट तसंच राह्यलं, काल तिथवर आल्तो आपण. पाटावर सात महिन्यांची गरोदर शिवकन्या, हिरवी साडी, दंडाला फुलांच्या वाक्या. समोर पाच सवाष्णी. ताटात गहू, नारळ, खारका, हळकुंड, खण, सगळं बराबर. अन् उठायला एकही बाई तयार न्हाई! तिची आई मालनबाई एकेकीच्या तोंडाकडं पाहून राह्यली. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर लेकीला दिवस गेलेले, ओटी आपल्याच अंगणात भरायची म्हणून तिनं हट्टानं मुंबईहून बोलावून घेतलेली. अन् आता हे.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी जरा मागून सांगतो.

शिवकन्या आमच्या पुंजारामची पोरगी. जांब समर्थपासून दोन कोसांवर आमचं गाव, अन् त्याच्या-माझ्या घराची भिंत एकच. चौथीत असताना, म्हणजे त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी साल असंल, शाळेच्या गॅदरिंगमधे तिला झाडाचं काम दिल्तं. दोन्ही हातांत लिंबाच्या डहाळ्या धरून उभं राहायचं, बोलायचं बिलकुल न्हाई. ऐनवेळी राजा आपलं बोलणं विसरला, तर झाडच बोलायला लागलं. राजाचं बोललं, प्रधानाचं बोललं, अन् शेवटी गुरुजींचे आभार मानून मोकळं झालं. तेव्हाच मी पुंजारामला म्हणलो, "ही काही तुझ्या कापसात टिकायची न्हाई."

पुढं कॉलेजला जालन्यात, मस्तगडला मावशीकडं राहून. तिथं एकांकिकेत बक्षीस काय मिळालं, बाई थेट मुंबईला. पहिलं काम लागलं ते चहाचा ट्रे आणून ठेवायचं. मी चाळीस माणसं टीव्हीपुढं जमवली. दिसली नुसती पाठ. "पाठ आपलीच हाय," मी जाहीर केलं, अन् लोकांनी टाळ्या वाजवल्या. अशी पाठ, कोपर, दारामागचा आवाज करत करत सात वर्षं गेली. मधे बँकेतल्या गजाननशी लग्न झालं. तिचं पत्र यायचं, "काका, गुरुवारी मी नर्स हाय." नर्स येईस्तोवर आम्ही जाहिरातीसुद्धा डोळे न मिटता पाहायचो.

दोन हजार दोनला मोठी मालिका मिळाली. मोठ्या घरची सोशीक सून. गाव खुश. अन् वर्षभरात लिहिणाऱ्यानं तिचा नवरा मारला! फोटोला हार चढला, सासूनं हिच्या कपाळाचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. आमची मंडळी, केशरबाई, त्या दिवशी अशी रडली की घरात चूल पेटली न्हाई. मी सकाळच्या भाकरीवर भागवलं. पुढं मालिकेत शिवकन्येचं नुसतं तोंडच दिसायला लागलं. मला वाटलं कॅमेरा बिघडला.

कॅमेरा कशाचा बिघडतोय! टीव्हीतली विधवा सातव्या महिन्यात आमच्या गावात येऊन पाटावर बसली.

ओटीचा पहिला मान केशरबाईचा. ती उठली न्हाई म्हणून बाकीच्या चौघीबी बसून राह्यल्या. मी ओसरीवरून आवाज दिला, "अगं, जावई जित्ता हाय! हा काय माझ्याजवळ बसलाय. दोन पानं मागून खाल्ली त्यानं. मेलेला माणूस चुना कमी पडला म्हणतो का?"

गजानन बिचारा पान तोंडात धरूनच उठला अन् सगळ्या बायांना हात जोडून आला.

"तुम्ही गप ऱ्हावा," केशरबाई म्हणाली. "जावई मलाबी दिसून राह्यला. देव त्यांना शंभर वर्षं देवो. पण पुसलं ते कपाळ कुणाचं हुतं? हिचंच ना? पोटात लेकरू अन् कपाळ उघडं, म्या माझ्या डोळ्यांनी पाह्यलं. त्याच कपाळाला हात लावून ओटी भरू? उद्या काही कमीजास्त झालं तर मालन मलाच विचारंल."

मालनबाईनं डोळ्याला पदर लावला. "शिवे, सोड माय ते काम," ती म्हणाली. "सोडते म्हण ह्यांच्यापुढं, म्हणजे ओटी तरी भरंल."

शिवकन्येनं पदराचं टोक धरलं अन् कपाळावरचं रुपयाएवढं कुंकू स्वतःच्या हातानं खसकन पुसलं. बायका किंचाळल्या. गजाननला ठसका लागला. केशरबाई तर ताट ओलांडून धावली, तिचा हात धरायला. अन् तिथंच थांबली. पुसल्या कुंकवाखाली, दोन भिवयांच्या मधे, हिरवा ठिपका होता, गोंदलेला.

केशरबाईनं आपलं बोट त्याच्यावर ठेवलं, दोनदा घासून पाह्यलं.

तेव्हा शिवकन्या जे बोलली ते जसंच्या तसं सांगतो:

"काकू, मी सहा वर्षांची असताना जांबच्या जत्रेत तुम्हीच मला गोंदणवालीपुढं बसवलं, अन् लई रडले म्हणून गोडीशेव घेऊन दिली. ते झाकता झाकता तिथला मेकअपवाला रोज माझ्या नावानं बोटं मोडतो. त्या सासूनं पुसलं ते त्याच्या डबीतलं कुंकू. तुम्ही दिलेलं कुणाच्यानं पुसतंय का, घासा अजून. अन् घासून झालं की ओटी भरा जल्दी. काम सोडायचं का न्हाई ते जेवल्यावर बोलू, सकाळपासून उपाशी बसवलंय तुम्ही मला."