मधमाशीवर बोल, औषधावर नको

दादाच्या पिकअपमधून मी देश सोडला. परत येताना त्याला पुण्याहून दुकानाचा माल भरून आणायचा होता, म्हणून कार नको म्हणाला. एका खेपेत दोन कामं, असा आमचा दादा. कवठे येमाईतून निघालो तेव्हा नुकतं उजाडत होतं आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना बियाण्याचा कांदा फुलला होता. दांड्यांवर पांढरे गोल गोंडे, धुक्यात नुसते तरंगत होते. शिक्रापूरच्या चौकात ट्रकांच्या रांगेत अडकलो, तरी माझ्या डोळ्यांपुढून ते काही हलेनात. निघताना आई एवढंच म्हणाली होती, "तिकडं लई बोलत बसू नगं. परक्याचा मुलूख हाय." आईला माझी जीभ चांगली ठाऊक होती.

तुम्ही जे गावात राहिलात, त्यांना हे सांगायला नको. पण माझ्यासारखे जे निघाले आणि विसरले, त्यांच्यासाठी सांगते. बियाण्यासाठी कांदा पुन्हा जमिनीत लावतात. त्याला दांडा येतो, दांड्यावर गोंडा फुलतो, आणि मधमाशी या गोंड्यावरून त्या गोंड्यावर फिरली तरच आत काळं बी भरतं. माश्या कमी दिसल्या की आई सकाळी रानात जायची आणि फुलांवरून हलका तळहात फिरवत चालायची, झोपलेल्या लेकराच्या डोक्यावरून फिरवावा तसा. हे ती माहेरी, राहू गावात शिकून आली होती. मी तिच्या मागं मागं. तळहात पिवळे व्हायचे, कपड्यांना कांद्याचा वास लागायचा आणि ऊन वर आलं की अख्खं रान गुणगुणायला लागायचं. त्या आवाजात मला उभ्या उभ्या झोप यायची. पुढं जे काही शिकले, ते तो आवाज कानात राहिला म्हणून.

आता मी जर्मनीत मधमाश्यांवरच संशोधन करते. शनिवारी आमच्या लॅबचा आउटरीच, म्हणजे लोकांसाठीचा कार्यक्रम असतो. काचेच्या पेटीतलं पोळं मी शाळेतल्या मुलांना दाखवते, माझ्या मोडक्या जर्मनवर ती खुशाल हसतात. एकदा टाउन हॉलमध्ये माझं भाषण होतं. फवारणीनं माश्या कशा मरतात, ते मी आडपडदा न ठेवता सांगितलं. पहिल्या रांगेत फवारणीच्या औषधांच्या कंपनीतले एक गृहस्थ होते. त्यांनी दोन शंका काढल्या, मी उत्तरं दिली, मग आम्ही शेजारी शेजारी उभं राहून कॉफी प्यायलो. ट्राममधून घरी येताना अगदी हलकं हलकं वाटत होतं, आणि कुठंतरी चुकल्या-चुकल्यासारखंही. एवढं बोलले, पण कुणाचं काहीच बिघडलं नव्हतं.

मागच्या फेब्रुवारीत सुट्टी घेऊन गावी गेले. गोंडे तसेच पांढरेशुभ्र, पण रानात चिडीचूप. मला आधी वाटलं, विमानानं माझे कान बसलेत. मग आई म्हणाली, गेल्या साली बी पोचटच निघालं आन् औंदाही तीच गत दिसती. लोक ढगाळ हवेला दोष देत होते. मला कारण पहिल्याच सकाळी दिसलं. फुलकिडे पडले म्हणून लोक भर फुलोऱ्यात औषध मारत होते, आणि तेही सकाळी दहाच्या सुमारास, ऐन माश्या फुलांवर यायच्या वेळी. कारण गडी सकाळीच मिळतात. आणि औषध कुठलं, तर आमच्याच दुकानातलं. दादाचं कृषी सेवा केंद्र गावात सगळ्यात जास्त चालतं. ते चाललं म्हणून मी शिकले, हेही खरं.

विज्ञान दिनाला शाळेत माझं व्याख्यान ठरलं. मांडव दादाचा, माईक दादाचा, मागं बॅनरवर दुकानाचं नाव मोठ्या अक्षरांत आणि खाली बारीक अक्षरांत विज्ञानाचं. सकाळी चहा पिताना तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "मधमाशीवर बोल, चंद्रावर बोल. औषधाचं तेवढं काढू नगं. तू जाशील निघून, मला हितंच बसायचंय." मी बरं म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले. भावाच्या पोटावर पाय द्यायला मी काही एवढ्या लांबून आले नव्हते.

आणि मी बोललेही तसंच. माशी नाचून दुसऱ्या माशीला फुलांची दिशा कशी सांगते, ते सांगितलं. पोरं खूश झाली. पुढं गावातली मोठी माणसं बसली होती, तीही माना डोलवत होती. मग नववीतली एक मुलगी उठली, ओढणी नीट केली आणि म्हणाली, "मॅडम, एवढं सगळं माशीवर हाय, तर आमच्या गोंड्यात बी का न्हाई? आमच्यात तर माशीच येत न्हाई."

दादा माईकच्या मशीनपाशी उभा होता. त्याचा हात बटणावर होता. मी त्याच्याकडं पाहिलं, त्यानं माझ्याकडं. त्या पोरीला मी ढगाळ हवा सांगितली असती तर सगळे जेवायला गेले असते. पण ती माझ्याकडं अशी बघत होती, की मला खोटं बोलवेना. मी सगळं सांगितलं. फुलोऱ्यात फवारू नका, अगदीच गरज पडली तर माश्या घरी गेल्यावर, संध्याकाळी. कुठल्या औषधानं माशी मरते तेही नाव घेऊन सांगितलं. बोलता बोलता माझा आवाज कापत होता आणि तो कापरा आवाज कर्ण्यातून पार वेशीपर्यंत जात होता. दादानं बटण बंद केलं नाही. मी बसल्यावर मात्र तो मांडवातून निघून गेला.

परत निघाले तेव्हा पिकअप दारात होता आणि दादा नव्हता. मी एसटीनं गेले. त्यानंतर फोनवर फक्त आई. लोक दुकानात येऊन भांडले, काहींनी दुकान बदललं, हे तिच्याकडूनच कळलं. "तू खोटं न्हाई बोललीस," ती म्हणायची, "पन त्याचं तोंड उतरलंय गं." इथं माझी भाषणं चालूच होती. लोक टाळ्या वाजवायचे आणि मला दादाचा तो बटणावरचा हात दिसायचा. मला त्याची भयंकर आठवण यायची. रागही यायचा, एवढं काय मनाला लावून घ्यायचं.

या फेब्रुवारीत एका पहाटे फोन वाजला. दादा. तिकडं दहा वाजले असतील. कशी आहेस नाही, काही नाही. म्हणाला, "थांब," आणि फोन पुढं धरला. आधी वाटलं लाईन खराब आहे. मग उमजलं. गुणगुण. बारीकच होती, लहानपणी ऐकली तेवढी भरघोस नाही, पण होती. मी पांघरुणात डोळे मिटून ऐकत राहिले, खिडकीबाहेर बर्फ पडत होता आणि मला कांद्याचा वास येत होता. मग फोन कानाला लावून तो बोलला.

"आता फुलोऱ्यात सकाळचं औषध देतच न्हाई मी. संध्याकाळी मारतो म्हनला तरच देतो. निम्मं गिऱ्हाईक शिव्या देऊन जातंय. हे तुझ्यामुळं झालंय, आता तूच ये आन् त्यांच्याशी बोल. मी एकट्यानं किती ऐकून घेऊ?"

मी रडत होते, ते त्याला कळू दिलं नाही. पूर्वी मला वाटायचं, हवं ते बोलता येतं ते आपलं घर. तसं तर मी इथंही बोलते. पण इथं माझ्या बोलण्याचं ओझं कुणाच्या खांद्यावर पडत नाही. तिथं ते दादा वर्षभर उचलून उभा आहे, माझ्यावर चिडून आणि माझ्याच बाजूनं. लॅबमध्ये सुट्टीचा अर्ज टाकला. त्याला म्हटलं, मांडव घाल, येते.