खांबावरची काच

सिसिलीतल्या त्या गावातलं तीनशे वर्षांचं बरोक शैलीतलं चर्च म्हातारा कालोजेरो सांभाळायचा. घुमट पेलणाऱ्या खांबाला भेग पडली होती आणि तिच्यावर इंजिनिअरने काचेची पट्टी चिकटवली होती. पट्टी तडकली, की भेग वाढतेय असं समजायचं आणि चर्चला कुलूप लावायचं.

"कुलूप लागलं तर मी काय घरी बसून माश्या मारू?" असं पुटपुटत कालोजेरो दर खेपेला गुपचूप नवी पट्टी लावायचा.

आज संतिणीचा सण. चर्चमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. सकाळीच लावलेली काच त्याच्या कानाशी टचकन तडकली.

"काका, कसला हो आवाज?" शेजारच्या अगातीनाने मांडीवरचं पोर सावरत विचारलं.

"काही नाही गं," सवयीने तो बोलून गेला.