कुटी बंद केली तेव्हा

उमेळ्यातल्या माझ्या कोंबड्यांच्या शेडवर कळंबची एक कोळीण मावशी सुक्या मासळीची कुटी, म्हणजे भरड, आणून द्यायची. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य मी स्वतःच मिसळतो. मका, पेंड आणि ही कुटी. एकदा कुटीत वाळू निघाली. मी भाव पाडायला लागलो, तेव्हा मावशी माझ्या माणसांसमोर म्हणाली, "शेट, तू कोंबडीलापन सांगशील, एकावर एक फुकट घाल!"

सगळे हसले. माझीच माणसं.

वाळू होतीच, हे मी आजही म्हणतो. पण त्या हसण्याचा राग मी कोंबड्यांवर काढला. कुटी बंद करून शेंगदाण्याची पेंड वाढवली. प्रथिनं पेंडीतही असतात, मग मावशीच्या कुटीवाचून माझं काय अडतंय?

काही आठवड्यांत अंडी लहान झाली. मग कोंबड्या एकमेकींची पिसं उपटून गिळायला लागल्या. पाठी उघड्या पडल्या, रक्त दिसेल तिथे बाकीच्या तुटून पडत. काही मेल्या. मी चिडून उरलेल्यांच्या चोची कापून घेतल्या.

नंतर बोलावलेले जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "चोच कापलीत, भूक कशी कापणार? पेंडीतल्या प्रथिनांत मेथिओनीन नावाचा घटक कमी असतो. पीस काय, अंडं काय, त्याच्याशिवाय नीट होत नाही. खाद्यात मिळेना, म्हणून त्या शेजारणीच्या पिसांत शोधतायत. आधी काय घालत होतात?"

"मासळीची कुटी."

"मग बंद का केलीत?"

"मिळत नाही हल्ली," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी कळंबला गेलो. मावशी बोंबील वाळत घालत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "कोंबड्या हायेत का गेल्या?"

"आहेत." माफी मागायची होती, तोंडातून निघालं, "साफ करून देणार असशील तर घेतो."

"देईन. पन भाव मी सांगेन तो."

जिभेवर आलेला आकडा गिळला आणि गोणी उचलली.

पिसं हळूहळू आली, अंडीही सुधारली. कापलेल्या चोची मात्र तशाच आहेत. दाणा उचलताना कोंबड्यांच्या तोंडातून निसटतो, पुन्हा उचलतात, पुन्हा निसटतो. खाद्याचा थर जाड असला की आखूड चोचीलाही उचलता येतं, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून मी भांडी काठोकाठ भरतो. पण त्या खायला लागल्या की मला तिथे उभं राहवत नाही.