गौरीचे पाय

थोरल्या जावेचं आणि माझं पटत नाही, हे आमच्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. कारण विचारलं तर लोक शेताचं नाव घेतात, सामायिक घराचं घेतात. तसलं काही नाही. आमचं फाटलं ते एका रानफुलावरून, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

तळ्याच्या वरच्या अंगाला आमचं गाव. मागचा डोंगर चढून गेलं की झाडी विरळ होते, तिथे एका ऐनाच्या झाडाखाली पांढरी आमरी उगवायची. झाडावर वाढणारी नव्हे, जमिनीतली. पावसात पानं यायची, गणपतीच्या सुमारास दांडा, त्यावर टपोरी फुलं, पाकळ्यांच्या कडा झालरीसारख्या कातरलेल्या. संध्याकाळी असा वास सुटायचा की डोक्यावर लाकडाची मोळी असली तरी पाय अडायचे. सगळा डोंगर हिंडले, दुसरीकडे कुठे ती दिसली नाही. गणपतीला मी एकच दांडा खुडून आणायची. बाकीच्यांना बोट लावायची नाही.

एका साली रानडुकरांनी कडेची रोपं उकरून टाकली, तेव्हा तिच्या पोटातलं मला कळलं. खाली दोन कंद असतात. एक सुरकुतलेला, यंदाचं फूल देऊन रिकामा झालेला. दुसरा टणक, गरगरीत, तो पुढच्या सालाचा. डुकरांनी नेमका तोच खाल्ला होता. पुढच्या पावसाळ्यात तेवढ्या जागेत नुसतं गवत आलं.

जाऊ पनवेलला राहते. गणपतीला येते ती गाडीतून उतरता उतरताच हुकूम सोडते. एका वर्षी तिने गणपतीपुढचा दांडा बघितला आणि कुठून आणलास म्हणून मागे लागली. मी ताकास तूर लागू दिली नाही. आमच्या ह्यांनी मात्र मोठेपणा करून भावजयीला जागा सांगितली, वर ऐनाची खूणही सांगितली.

आमच्याकडे गौर तेरड्याची. तेरडा मुळासकट उपटून आणतात, कारण मुळं म्हणजे गौरीची पावलं. बिनपायांची गौर घरात चालत कशी येणार? तेरड्याला त्याचं काही वाटत नाही, त्याचं बी सगळीकडे सांडलेलं असतं. पण जावेला त्या वर्षी तेरडा फारच साधा वाटला. मी चुलीपाशी होते तोवर ती खुरपं घेऊन वर गेली आणि सुपात आमरीची सगळीच्या सगळी रोपं घालून आली. मुळासकट.

आता उंबऱ्यात गौरीचे पाय धुवायचे ते घरातल्या धाकट्या सुनेने. म्हणजे मी. तांब्या घेऊन वाकले आणि समोर ते गरगरीत कंद. तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच थांबले तर जाऊ म्हणाली, "धू ना पाय. व्हिडिओ चालू आहे."

धुतले. हळदकुंकूही लावलं. दात-ओठ खात.

स्वयंपाकघरात मात्र मी तिला गाठलं. विसर्जनाला फुलं पाण्यात सोडा, कंद मला द्या, मी ते परत लावते, नाहीतर डोंगरावर ही आमरी राहणार नाही, असं सरळ सांगितलं. ती बाहेर गेली आणि जमलेल्या बायकांना म्हणाली की धाकटीला गौरीचे पाय कापायचेत. बायकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी जेवणात विष घातलंय. ह्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं, सणासुदीला फुलावरून वाद नको. त्यांना मी काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

विसर्जनाच्या दिवशी नदी फुगली होती. काठावर मी सगळ्यांच्या देखत हात जोडले. "वहिनी, एक तरी कंद द्या."

"गौर पाय घेऊनच जाते," ती म्हणाली आणि अख्खी गौर प्रवाहात सोडली. फुलं थोडी तरंगली. कंद लगेच बुडाले.

पुढच्या पावसाळ्यात मी वर जातच राहिले. ऐनाखाली खुरप्याचे खड्डे होते, त्यात पाणी साचलं होतं. मग गवत आलं. आमरी आली नाही.

गणपतीला जाऊ आली ती आधी डोंगरावर गेली, चांगल्या साडीत. चिखलाने भरलेल्या पायांनी परत आली आणि सगळ्या बायकांसमोर, भर अंगणात मला विचारलं, "काय गं, यंदा फुलं कुठे गेली? तू तर उपटून टाकली नाहीस ना?"

"गौर पाय घेऊन गेली, वहिनी," मी म्हणाले.

तिला कळलं, नक्की कळलं. पण तोंड जरासुद्धा उतरलं नाही. मग तेरडाच आणू या, म्हणाली. तेरडा आला, दारात उभा राहिला, मला हाका मारून झाल्या. मी चुलीपुढून उठले नाही. त्या वर्षी गौरीचे पाय तिने स्वतःच धुतले.