दहाव्याला उतरलेले रोवलेले केस

बायकोच्या दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर बसलो होतो. पोटी पोर न्हाय, म्हणून विधी मलाच करायचे होते. शेजारी एक तरणा पोरगा बापाच्या दहाव्याला बसलेला. त्याचा हात सारखा कपाळाकडं जायचा आणि केसांना न लावताच खाली यायचा. पुढच्या बाजूला डोक्यावर बारीक लाल खपल्या होत्या.

न्हाव्यानं वस्तरा काढला तसा तो मागं सरला. "नको, मामा. मागचं केस मुळासकट काढून पुढं टकलावर लावल्यात. महिना पण झाला न्हाय. डॉक्टर वस्तरा लावू नको म्हणालाय."

त्याचा चुलता खेकसला, "बाप गेला आणि ह्याला केसांची पडलीया! भावकीत तोंड दाखवायचं हाय का न्हाय?"

"टक्कल बघून पोरी नको म्हणत हुत्या, काका. जायच्या आधी आबांनीच दवाखान्यात नेलं मला. सून बघायची हुती त्यांना."

"मग आता कुणाला दाखवतोस?"

पोरग्यानं आपणहून न्हाव्यापुढं मान खाली घातली. वस्तरा फिरला तशा खपल्या निघाल्या, रक्त आलं, आणि ते हंबरडा फोडून रडायला लागलं. भावकीला बरं वाटलं. "लई माया की बापावर," एक म्हातारी म्हणाली.

पोरगं केसांसाठी रडत होतं, हे मला शेजारनं दिसत होतं. पण मी कुठल्या तोंडानं बोलणार? बायकोसाठी रडतोय म्हणून लोक माझ्याही पाठीवरनं हात फिरवत होते, आणि माझ्या मनात, पाहुणं गेल्यावर सकाळचा चहा कोण करणार, एवढंच होतं.