नाकवाल्या काकूंच्या तारल्या

गल्लीत कुणाच्या घरी मासळी आली आणि मनात शंका उभी राहिली, की ती बाई ताट घेऊन सरळ नाकवाल्या काकूंच्या दारात यायची. काकू माशाचा कल्ला उचलायच्या, नाक टेकवायच्या आणि निकाल द्यायच्या. "तळ" म्हणाल्या की तळायचं, "मांजराला घाल" म्हणाल्या की मांजराची चंगळ. त्या निकालावर अपील नव्हतं.

मग काकूंना ताप आला, आणि उतरला तो नाक घेऊनच उतरला. म्हणजे नाक जागेवर होतं, चष्मा टेकायला उपयोगी पडत होतं. पण त्यातून वास म्हणून आत काही शिरेना. कांदा करपला तरी धूर डोळ्यांत गेल्यावर कळायचं. काकूंनी हे कुणालाच सांगितलं नाही. ताटं येत राहिली. काकू नाक टेकवायच्या आणि डोळ्यांनी बघून निकाल द्यायच्या. नंतर त्या घराकडे कान लावून बसायच्या, कुणी ओकतंय का म्हणून. 

त्या दिवशी मुलगा उन्हं कलल्यावर आला. त्याची छोटी बोट होती. बर्फात घातलेल्या तारल्यांची टोपली त्यानं मोरीत ठेवली.

"आजच्याच आहेत, आई. मध्येच इंजिन रुसलं, म्हणून उशीर."

तारली म्हणजे बोटभर मासळी, पण अंगात तेल मुरलेलं. पाण्याबाहेर आली की तिची बिघडायची घाई सुरू होते. काकूंनी एक उचलली. डोळा बरा होता, कल्ला लालसर होता. दुसरीचं पोट मात्र अंगठ्याखाली जरा मऊ लागलं. काकूंचा हात थांबला.

विचारायचं तरी कुणाला? नवऱ्याचं नाक तपकिरीनं कधीच बधिर केलेलं. मुलगा दिवसभर मासळीत बसलेला. आणि सुनेला सातवा महिना. तिला साबणाच्या वासानंही मळमळायचं.

"आई, आज मला चक्क खावंसं वाटतंय," सून दारातून म्हणाली. "वास आला तरी चालेल. लवकर करा."

काकूंनी टोपली पुढे ओढली. डोकं मोडून आतड्यासकट ओढायचं, पोटातून अंगठा फिरवायचा, मधला काटा शेपटीपर्यंत अलगद सोडवायचा. हात आपोआप चालले. थोड्या तारल्यांना नुसतं मीठ लावून त्यांनी तापल्या तव्यावर टाकल्या. वरून तेल लागत नाही, स्वतःच्याच तेलात त्या चरचरतात. बाकीच्या त्यांनी कांदा, मिरी आणि व्हिनेगर घालून पातेल्यात मंद आचेवर ठेवल्या. असं निवांत शिजलं की बारीक काटेही विरघळतात. व्हिनेगर त्यांनी हात सैल सोडून ओतलं. असलंच काही, तर आंबटात मरेल.

सुनेनं तव्यावरच्या गरम गरम खाल्ल्या. मुलगा हात धुवायला गेला होता, तेवढ्यात ती म्हणाली, "आई, जिभेला मिरी झोंबल्यासारखं होतंय हो."

तव्यावरच्या तारल्यांना मिरी लावलीच नव्हती.

 बघता बघता सुनेचा चेहरा लालबुंद झाला, मानेवर चट्टे उठले, छाती धडधडायला लागली. तिनं दोन्ही हात पोटावर धरले. मुलानं शेजाऱ्याची रिक्षा काढली. दवाखाना जवळच होता, पण काकूंना तो रस्ता संपता संपेना.

सिस्टरनं सुनेला झोपवलं, नाडी धरली, इंजेक्शन दिलं, बाळाचे ठोके ऐकले. मग विचारलं, "मासळीला वास येत होता का?"

मुलगा म्हणाला, "आईनं बघितलीय. आईच्या नाकाखालून खराब मासळी जायची नाही."

काकू भिंतीला टेकल्या. "मला वास येत नाही," त्या म्हणाल्या. "तापापासून."

 मुलाचीही मान खाली गेली. "इंजिन दुरुस्त होईपर्यंत टोपली उन्हात होती. बर्फ मी नंतर घातला."

"ही मासळी उन्हात राहिली की असंच होतं," सिस्टर म्हणाली. "मग तळा नाहीतर उकळा, ते विष जात नाही. कधी कधी वासही येत नाही, मावशी. तुमचं नाक चालत असतं तरी कळलं असतंच असं नाही. बाळ ठीक आहे. लाली उतरेल हळूहळू."

हे ऐकून काकूंना बरं वाटायला हवं होतं. उलट अंगावर काटा आला. इतकी वर्षं गल्लीला कशाच्या भरवशावर जेवू घातलं होतं?

"घरी आणखी कुणी खाल्लंय?" सिस्टरनं विचारलं.

पातेलं चुलीवरच होतं. आणि म्हातारा घरी भुकेला बसला होता.

त्रास झालाच तर एक द्या आणि लक्ष ठेवा, असं सांगून सिस्टरनं दिलेल्या गोळ्या मुठीत धरून काकू निघाल्या. चप्पल एका पायातून निसटली, ती त्यांनी उचललीसुद्धा नाही. दार ढकललं तर म्हातारा पातेलं पुढ्यात घेऊन पावानं तळ पुसत होता. कान लाल झाले होते.

"अहो, जिभेला झोंबलं नाही का?"

"झोंबलं की. मिरी जास्त झालीय."

"मग खाल्लं कशाला?"

म्हाताऱ्यानं पाव खाली ठेवला. "तापापासून तुझ्या हाताला अंदाज राहिला नाही. कधी खारट, कधी करपट. तुला वास येत नाही हे काय मला कळत नाही? बोललो असतो तर तू चूल सोडून रडत बसली असतीस."

"म्हणून गपचूप विष खाल्लंत?"

"विष आहे हे कुठं कुणी सांगितलं होतं?"

काकूंनी गोळी त्याच्या तोंडात कोंबली, पाण्याचा तांब्या हातात दिला आणि समोरच फतकल मारून बसल्या. लाली कानांवरून गालांवर उतरत होती.

"आता गप्प बसायचं नाही," त्या म्हणाल्या.  "काय होतंय ते बोला. सगळं बोला."

"डोकं ठणकतंय."

"आणखी?"

"छातीत धडधडतंय. आणि व्हिनेगर फार झालंय."

काकूंनी त्याचं मनगट धरलं आणि तशाच बसून राहिल्या, नजर त्याच्या तोंडावर.