चिंतामणरावांच्या बाकाभोवतीचं खत

१९९६ साली बारामतीजवळच्या एका वृद्धाश्रमात, आठवण गेलेल्या म्हाताऱ्यांसाठी वासाची बाग करायचं ठरलं. ओळखीच्या वासानं जुनं आठवतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बागकाम करणाऱ्या भागूबाईनं मरवा लावला, गवती चहा लावला. तिथल्याच आठवण गेलेल्या चिंतामणरावांच्या बाकाभोवती मात्र तिनं मेंढरांच्या लेंड्यांचं खत पसरलं आणि पाणी मारलं.

या माणसाला ती कशी विसरणार? वीस वर्षांमागं, इंदापूरकडच्या एका गावात कारकून असताना, पिकात शिरली म्हणून यानंच तिची मेंढरं कोंडवाड्यात घातली होती. किल्ली याच्या खिशात. ती पाया पडायची, हा म्हणायचा, "उद्या ये." तीन दिवसांत अकरा कोकरं पाण्यावाचून तडफडून मेली. आणि हा मेला सगळं विसरून खुशाल मऊ भात खात होता!

रोज ती त्याला हाताला धरून त्याच बाकावर बसवी. दहाव्या दिवशी म्हातारा तो वास हुंगत बाकावरून उठला.

"कोकरं ओरडताहेत... दार उघडा, पाणी पाजा त्यांना!" त्यानं तिचे पायच धरले.

भागूबाईनं पाय सोडवून घेतले आणि झारीनं खत पुन्हा ओलं केलं.

"उद्या या, रावसाहेब," ती म्हणाली.